शून्य आणि रिकामी जागा : पालवणकर बाळूंची कारकीर्द कशी वाचायची?

मागच्या दोन पोस्टमध्ये आपण संशोधनाचा प्रश्न कसा ठरवायचा आणि वाचलेल्याच्या नोंदी कशा ठेवायच्या हे बघितलं. आज डेटाकडे वळू. खरं म्हणजे डेटात जे नाही त्याच्याकडे. उदाहरण मात्र माझ्या विषयातलं घेत नाही, कारण ते समजावतानाच अर्धी पोस्ट संपेल. त्याऐवजी एका क्रिकेटपटूची कारकीर्द घेऊ. हा माणूस पुण्यात घडला आणि मुंबईत गाजला. पण पेटची तयारी करणाऱ्या दहा जणांना विचारलं तर आठ जणांनी त्याचं नाव ऐकलेलं नसेल असा माझा अंदाज आहे. अंदाज आहे बरं का, सर्वेक्षण नाही!

नाव : बाळू बाबाजी पालवणकर. डावखुरा फिरकी गोलंदाज. जन्म धारवाडचा, साधारण १८७५-७६. समाज चर्मकार, म्हणजे तेव्हाच्या भाषेत ‘अस्पृश्य’. ‘लगान’मधला कचरा आठवला ना? बहुतेकांना तोच आठवतो. पण कचरा पडद्यावर एक मॅच खेळतो. बाळू प्रत्यक्षात जवळजवळ तीस वर्षं मैदानावर होते.

आधी आकडे मांडू या

तुम्ही कुठल्याही नेहमीच्या क्रिकेट नोंदी उघडल्यात तर बाळूंच्या नावापुढे साधारण हे दिसेल :

प्रथम श्रेणी सामने : ३३
बळी : १७९
गोलंदाजीची सरासरी : १५.२१
धावा : ७५३
पहिला सामना : १९०५-०६ चा हंगाम
शेवटचा सामना : १९२०-२१ चा हंगाम

ज्यांना क्रिकेटचं वेड नाही त्यांच्यासाठी सांगते. गोलंदाजीची सरासरी म्हणजे दिलेल्या धावा भागिले घेतलेले बळी. जितकी कमी तितकी चांगली. १५.२१ ही फार उत्तम सरासरी आहे.

आता क्षणभर थांबा आणि या तक्त्याकडे संशोधकाच्या नजरेनं बघा. तुमच्या गाईडनं हा तक्ता समोर टाकून विचारलं, ‘काय दिसतं?’, तर तुम्ही काय म्हणाल? बहुतेक जण म्हणतील : चांगला गोलंदाज, पण उशिरा सुरुवात केली, तिशीच्या आसपास. सामने कमी, तेहतीसच. फलंदाजीत फारसं काही नाही.

यातलं प्रत्येक वाक्य तक्त्याला धरून आहे. आणि तिन्ही वाक्यं बाळूंबद्दल चुकीचं चित्र उभं करतात. असं का होतं, तेच या पोस्टमध्ये बघायचंय.

शून्य वेगळं, रिकामी जागा वेगळी

सायन्सवाल्यांना हे प्रयोगशाळेतून माहीत असतं. पाण्याच्या नमुन्यात शिसं किती आहे ते तुम्ही मोजताय. यंत्रानं काहीच दाखवलं नाही, तर तक्त्यात काय लिहाल? ‘०’ लिहिलंत तर गाईड कान पकडतील. कारण यंत्राची एक मर्यादा असते. तिच्याखाली शिसं असलं तरी यंत्राला ते दिसत नाही. आणि नमुना यंत्रात घातलाच नसेल, तर तिथे शून्यही लिहायचं नाही, मर्यादेखाली असंही लिहायचं नाही. ती जागा रिकामी ठेवायची आणि रिकामी का आहे ते शेजारी लिहायचं.

माणसांच्या बाबतीत मात्र आपण हे सर्रास विसरतो. नोंद नाही म्हणजे काही घडलंच नाही, असं धरून चालतो. बाळूंच्या तक्त्यात अशा तीन वेगवेगळ्या रिकाम्या जागा आहेत. एकेक करून बघू.

पहिली जागा : मोजलंच नाही

बाळूंचे वडील सैन्याशी संबंधित नोकरीत होते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, आणि त्या परिसरात लष्कर म्हटलं की क्रिकेट आलंच. गोरे अधिकारी टाकून दिलेल्या बॅट-बॉलनं मुलं खेळायची. बाळू आणि त्यांचा भाऊ शिवराम असेच शिकले. पुढे विठ्ठल आणि गणपत हे धाकटे भाऊही क्रिकेटपटू झाले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यात, पारशी मंडळींच्या क्रिकेट मैदानावर. काम खेळपट्टी झाडायचं आणि रोलर ओढायचं. अधूनमधून सभासदांना चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या क्लबात गेले. तिथे पगार चार रुपये. जाळी लावा, खेळपट्टीवर रेघा आखा, आणि साहेब लोकांना सरावासाठी गोलंदाजी करा.

या साहेबांमध्ये होते कॅप्टन जे. जी. ग्रेग. युरोपियन संघाचे आघाडीचे फलंदाज, पुढे इंग्लंडमध्ये हॅम्पशायर काउंटीकडूनही खेळले. असं सांगतात की बाळूंनी आपल्याला बाद केलं की दर वेळी ग्रेग त्यांना आठ आणे द्यायचे. गोष्ट तोंडोतोंडी आलेली आहे, तेव्हा ती तेवढ्याच वजनानं घ्यायची. पण हिशेब करून बघा. महिन्याचा पगार चार रुपये, एका बळीचे आठ आणे. म्हणजे आठ वेळा ग्रेगची दांडी उडवली की दुसरा पगार हातात! एका चांगल्या फलंदाजाला तासन्‌तास गोलंदाजी करायची, आणि त्याला बाद करण्यात पोटाचाही प्रश्न. याहून चांगली तालीम कुठली असेल?

आता हे वर्ष लक्षात ठेवा : १८९२. कारण त्याच वर्षी युरोपियन विरुद्ध पारशी हे सामने अधिकृत स्वरूपात सुरू झाले. तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड हॅरिस होते. ते स्वतः इंग्लंडचे माजी कर्णधार. हे सामने मुंबईत आणि पुण्यात व्हायचे, आणि आजच्या नोंदींमध्ये ते ‘प्रथम श्रेणी’ म्हणून धरले जातात. हिंदूंच्या संघाला मात्र युरोपियनांशी असा सामना मिळायला फेब्रुवारी १९०६ उजाडावा लागला.

मग १८९२ ते १९०६ या काळात बाळू काय करत होते? घरी बसले होते का? मुळीच नाही. आधी पुण्यात ते नेटमध्ये गोलंदाजी करत होते. मग पुण्याच्या हिंदू संघात त्यांना घ्यावं की नाही यावर वाद झाला. संघातल्या काही ब्राह्मण खेळाडूंचा विरोध होता, तर काहींचा पाठिंबा. पाठिंब्यामागे सुधारणेची ओढ होती तशी जिंकायची ओढही होती. शेजारी युरोपियनांचा क्लब होता, त्याला हरवायचं होतं. आणि त्या क्लबाच्या फलंदाजांना आतून-बाहेरून ओळखणारा गोलंदाज एकच होता. बाळूंना घेतलं, आणि संघ जिंकायला लागला. साताऱ्याला तिथल्या युरोपियन जिमखान्याविरुद्धच्या सामन्यात बाळूंनी सात बळी घेतल्याचं त्यांच्या चरित्रात येतं. पुण्यात सत्कार झाले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक या दोघांनीही वेगवेगळ्या प्रसंगी त्यांचं जाहीर कौतुक केलं. ज्या दोघांचं एरवी फारसं जमायचं नाही, त्यांचं इथे जमलं.

१८९६ च्या सुमारास, प्लेगच्या दिवसांत, बाळू मुंबईला गेले. तिथे हिंदू जिमखाना आणि बी.बी.सी.आय. रेल्वेचा संघ ही त्यांची मैदानं झाली.

मी वारज्याला राहते. आमच्या इथून जो महामार्ग जातो, तो एका बाजूला साताऱ्यावरून पार धारवाडला पोचतो आणि दुसऱ्या बाजूला मुंबईला. बाळूंचा जन्म, त्यांचा गाजलेला साताऱ्याचा सामना आणि मुंबईतलं नाव, सगळं या एका रस्त्यावर मांडता येतं. पण त्या रस्त्यावरचा धारवाड ते मुंबई हा सगळा प्रवास, म्हणजे सोळाव्या-सतराव्या वर्षापासून तिशीपर्यंतची वर्षं, तक्त्यात कुठेच नाहीत. फिरकी गोलंदाजाचा हात आणि डोकं याच वर्षांत तयार होतं. ती वर्षं शून्य नव्हती. यंत्र चालू होतं, फक्त बाळूंचा नमुना यंत्रात घालायची परवानगी नव्हती.

‘प्रथम श्रेणी’ ही मोजपट्टी कुणाची?

इथे एक तांत्रिक मुद्दा आहे, तो वगळू नका. ‘प्रथम श्रेणी’ या शब्दाची अधिकृत व्याख्या झाली १९४७ मध्ये. त्याआधीच्या कुठल्या सामन्याला हा दर्जा द्यायचा हे नंतरच्या आकडेतज्ज्ञांनी ठरवलं. म्हणून दोन तज्ज्ञांचे आकडे कधीकधी जुळत नाहीत. उदाहरणार्थ, इंग्लंडचा विल्फ्रेड ऱ्होड्स. प्रथम श्रेणीत सर्वाधिक बळी घेणारा गोलंदाज. त्याचे बळी एका मोजणीत ४,१८७ आहेत, दुसऱ्या मोजणीत ४,२०४. माणूस एकच, चेंडू तेच, फरक फक्त कुठले सामने धरायचे याचा.

ऱ्होड्सचं नाव मुद्दाम घेतलं. तोही डावखुरा फिरकी गोलंदाज. जन्म १८७७, म्हणजे बाळूंच्या बरोबरीचा. १८९८ मध्ये, विशीत, तो यॉर्कशायरकडून खेळायला लागला आणि १९३० पर्यंत खेळला. त्याचे प्रथम श्रेणी सामने अकराशेच्या वर, बाळूंचे तेहतीस.

आता मोह होतो लिहायचा, की बाळूंना संधी मिळाली असती तर तेही ऱ्होड्स झाले असते. लिहू नका. तसं म्हणायला आपल्याकडे पुरावा नाही. पुरावा एवढंच सांगतो की या दोन आकड्यांमधला फरक हा दोन माणसांच्या कौशल्यातला फरक म्हणून वाचता येत नाही. एकाच्या बाजूला दर उन्हाळ्यात आठवड्याला सामने भरवणारी काउंटीची व्यवस्था होती. दुसऱ्याच्या बाजूला वर्षाकाठी एक-दोन सामने, तेही तिशीनंतर. छेदच वेगळे आहेत, मग अंशांची तुलना कशी करणार?

एक छोटा हिशेब

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा पहिला सर्वसमावेशक संघ इंग्लंडला गेला. हिंदू, मुस्लिम, पारशी सगळे त्यात होते. बाळूही होते आणि शिवरामही. एकूण २३ सामने झाले, त्यातले १४ प्रथम श्रेणी. संघ बहुतेक सामने हरला, पण लेस्टरशायर आणि सॉमरसेट या काउंटींना हरवलं. त्या दौऱ्यात बाळूंनी एकूण ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. त्यातले प्रथम श्रेणीतले बळी ७५, सरासरी २०.१२. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी. तेव्हा वय पस्तीसच्या आसपास.

(एकाच दौऱ्याचे ११४ आणि ७५ असे दोन आकडे बघून गोंधळू नका. थीसिसमध्ये असा आकडा देताना कुठले सामने धरलेत ते त्याच वाक्यात लिहा. नाहीतर व्हायव्हात पहिला प्रश्न हाच येतो.)

आता वही-पेन घ्या. संपूर्ण कारकीर्द : १७९ बळी गुणिले १५.२१, म्हणजे सुमारे २,७२३ धावा दिल्या. इंग्लंडमध्ये : ७५ गुणिले २०.१२, म्हणजे १,५०९ धावा. वजाबाकी केली की भारतातला हिशेब उरतो : १०४ बळी, साधारण १,२१४ धावा. भागाकार करा. सरासरी येते सुमारे ११.७.

दोन गोष्टी दिसतात. पहिली, सोळा हंगामांच्या प्रथम श्रेणी कारकिर्दीतले सुमारे ४२ टक्के बळी एकाच उन्हाळ्यातले आहेत. का? कारण त्या एकाच उन्हाळ्यात त्यांना सलग सामने मिळाले. खेळायला मिळालं की बळी मिळत होते, हे यातून दिसतं. दुसरी, मायदेशातली सरासरी ११.७ ही डोळे दिपवणारी आहे.

पण लगेच दिपून जाऊ नका. त्या काळच्या भारतातल्या खेळपट्ट्यांवर धावाच कमी व्हायच्या, त्यामुळे सगळ्याच चांगल्या गोलंदाजांच्या सरासऱ्या कमी दिसतात. म्हणून ११.७ ची तुलना आजच्या गोलंदाजाशी करायची नाही, त्याच सामन्यांतल्या दुसऱ्या गोलंदाजांशी करायची. प्रयोगशाळेत कंट्रोल असतो तसं. हा हिशेब कुणी नीट केला तर एक छान छोटा लेख होईल. विषय शोधताय ना? घ्या.

दुसरी जागा : मोजलं, पण हातच बांधलेले होते

आता फलंदाजीकडे वळू. ३३ सामन्यांत ७५३ धावा. ही जागा रिकामी नाही, इथे आकडा आहे. म्हणून ती जास्त फसवी आहे.

पुण्याच्या युरोपियन क्लबात बाळूंनी शेकडो तास गोलंदाजी केली. बॅट मात्र त्यांच्या हातात कुणी दिली नाही. नेटमधली वाटणी ठरलेली होती : फलंदाजी साहेबांनी करायची, गोलंदाजी नोकरांनी. म्हणजे ज्या वयात हात बसतो, त्या वयात सराव शून्य. हे शून्य खरं शून्य आहे, कारण ते ठरवून केलेलं होतं.

पुन्हा ऱ्होड्सकडे बघा. तो इंग्लंडकडून सुरुवातीला अगदी शेवटच्या क्रमांकावर फलंदाजीला यायचा. हळूहळू वर सरकला, आणि १९१२ मध्ये मेलबर्नला जॅक हॉब्जबरोबर सलामीला ३२३ धावांची भागीदारी केली. कारकिर्दीत त्याच्या जवळजवळ ४०,००० धावा झाल्या. फलंदाजी शिकता येते, वयाच्या तिशीतही शिकता येते, पण त्यासाठी संघानं तुम्हाला वरच्या क्रमांकावर पाठवावं लागतं. तेव्हा बाळूंचे ७५३ बघून ‘फलंदाजी जमत नव्हती’ असं लिहिणं म्हणजे निकालाला कारण समजणं. त्यांचेच धाकटे भाऊ विठ्ठल पुढे नावाजलेले फलंदाज झाले. त्यांच्या वेळेपर्यंत मोठ्या भावांनी दार थोडं उघडून ठेवलं होतं, हा फरक.

संशोधनात याला काय म्हणायचं ते तुमच्या विषयावर अवलंबून आहे. प्रश्न मात्र सगळीकडे एकच : हा आकडा क्षमतेचा आहे की संधीचा?

तिसरी जागा : रकानाच नाही

काही गोष्टींसाठी धावफलकात रकानाच नसतो.

पुण्याच्या हिंदू संघात बाळू मैदानावर सगळ्यांबरोबर असायचे. सगळे एकाच चेंडूला हात लावायचे. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये आणि बाळू बाहेर. त्यांचा चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, जेवण वेगळं. तोंड धुवायचं असेल तर पाणी ओतायलाही ‘अस्पृश्य’ नोकरच. दुपारभर ज्याच्या गोलंदाजीवर सामना टिकलाय, तो चहाला बाहेर. याची नोंद ‘बळी’, ‘धावा’, ‘झेल’ यांपैकी कुठल्या रकान्यात करणार?

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. बाळूंचे सामन्यात आठ बळी. शिवरामही संघात होते. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्रानं या विजयाबद्दल लिहिताना, चर्मकार भावांना संघात घेतलं ही घटना सामाजिक बदलाच्या दृष्टीनं किती मोलाची आहे यावर भर दिला. धावफलक आणि ते पत्र, दोन्ही एकाच सामन्याची साधनं. एकात आठ बळी दिसतात, दुसऱ्यात त्या आठ बळींचा अर्थ दिसतो. फक्त पहिलं वापरलंत तर अर्धाच सामना हाती लागतो.

आणि कर्णधारपद. १९०७ पासून तिरंगी, १९१२ पासून मुस्लिमांसह चौरंगी स्पर्धा सुरू झाल्या. बाळू संघातले सगळ्यात अनुभवी आणि सगळ्यात यशस्वी गोलंदाज. कर्णधार मात्र नेहमी दुसरं कुणीतरी. त्यांना कर्णधार करा ही मागणी दर वर्षी व्हायची आणि दर वर्षी बाजूला पडायची. १९१३ चे कर्णधार एम. डी. पै यांनी तर सत्काराला उत्तर देताना जाहीरपणे सांगितलं की हा मान बाळूंना मिळायला हवा होता.

१९२० मध्ये ठिणगी पडली. पै आजारी पडले, तेव्हा कर्णधारपद दि. ब. देवधरांकडे गेलं. देवधर पुण्याचे, उत्तम फलंदाज, पण बाळूंपेक्षा सोळा-सतरा वर्षांनी लहान. बाळूंना तर संघातूनच वगळलं. शिवराम आणि विठ्ठल यांनी माघार घेतली आणि जाहीर पत्रक काढून जातीमुळे अन्याय होतो असं स्वच्छ सांगितलं. लोकांमध्ये चर्चा झाली. पुढच्या सामन्याला पै परतले, भाऊही परतले, आणि बाळूंना उपकर्णधार केलं. सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले तेव्हा संघ बाळूंनी चालवला. त्यांच्या वाट्याला आलेलं कर्णधारपद एवढंच.

१९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघानं चौरंगी जिंकली. तोवर बाळूंची कारकीर्द संपली होती. आता सांगा, बाळूंच्या नावापुढे ‘कर्णधार म्हणून सामने : ०’ असं लिहिलं तर ते खोटं नाही. पण तेवढंच लिहून थांबलात तर १९२० चं ते पत्रक, म्हणजे या शून्याचा सगळा इतिहास, वाचकापासून लपतो.

दुसऱ्या बाजूचा खड्डा

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटत असेल, की रिकाम्या जागा दिसल्या की त्या आपल्या मनातल्या गोष्टीनं भरून टाकायच्या. नाही! तोही खड्डाच, फक्त रस्त्याच्या दुसऱ्या बाजूचा.

बाळूंची गोष्ट सांगताना ती सरळ रेषेत सांगायचा मोह होतो : अन्याय, पराक्रम, जागृती, चळवळ. पण निवृत्तीनंतरचं आयुष्य या रेषेत बसत नाही. तरुण आंबेडकरांना बाळूंबद्दल मोठा आदर होता. पुढे मात्र दोघांचे मार्ग वेगळे झाले. स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर बाळू आंबेडकरांच्या विरुद्ध बाजूला होते. १९३२ च्या पुणे करारावरच्या सह्यांमध्ये बाळूंचीही सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं मुंबईत आंबेडकरांविरुद्ध उमेदवार दिला, तो बाळू पालवणकर. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. बाळू हरले.

हे काहींना गैरसोयीचं वाटतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी बाळूंची गोष्ट १९२० किंवा १९२३ ला संपवली जाते. तुम्ही संशोधक असाल तर तसं करायचं नाही. आपल्या मांडणीला न जुळणारा बिंदू आलेखातून पुसायचा नसतो. तो ठेवायचा, आणि विचारायचं : ज्या माणसाला स्वतःच्या संघानं चहाला बाहेर बसवलं, तो त्याच समाजाच्या आत राहून बदल होईल असं का मानत असेल? कदाचित उत्तर त्याच मैदानावर असेल. बाहेरच्या भांड्यातल्या चहापासून भावाच्या कर्णधारपदापर्यंतचा बदल त्यांनी स्वतः जगून बघितला होता. आंबेडकरांनी तोच बदल बघितला आणि तो पुरेसा नाही असं ठरवलं. दोघांसमोर डेटा बराचसा एकच होता, निष्कर्ष वेगळे निघाले. माझं हे स्पष्टीकरण आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. तुमच्या लिखाणातही असा फरक वाचकाला दिसू द्या.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू वारले.

मग तुमच्या कामात याचं काय?

तुम्ही शेतीवर काम करत असाल, आरोग्यावर, शाळागळतीवर किंवा नदीच्या पाण्यावर, पहिला तक्ता हातात आला की प्रत्येक कोऱ्या किंवा लहान आकड्यासमोर पेन्सिलीनं एक खूण करा. मोजलंच नाही, मोजलं पण संधी नव्हती, की रकानाच नव्हता? तीन अक्षरं ठरवून घ्या, काहीही चालतील. आठवड्याभराचं काम आहे, पण त्यातूनच बऱ्याचदा थीसिसचा खरा प्रश्न सापडतो.

दुसरं, तक्त्याच्या जोडीला दुसऱ्या प्रकारचं एक तरी साधन ठेवा. बाळूंच्या बाबतीत ते म्हणजे तेव्हाची वर्तमानपत्रं आणि विठ्ठल पालवणकरांचं १९४८ चं आत्मचरित्र, ‘माझे क्रीडा-जीवन’. रामचंद्र गुहांनी ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ या २००२ च्या पुस्तकात असाच धावफलक आणि वर्तमानपत्रं यांचा मेळ घातला, तेव्हा बाळू मोठ्या वाचकवर्गासमोर परत आले. त्याआधी त्यांचे १७९ बळी नोंदींमध्ये होतेच की! कुणी ते खोडले नव्हते. फक्त शेजारच्या रिकाम्या जागांबद्दल कुणी फारसं विचारलं नव्हतं.

आणि तिसरं. तुम्ही स्वतः डेटा गोळा करणार असाल, तर नमुना कुठून घ्यायचा हे ठरवणारे तुम्हीच आहात. कुणाला यंत्रात घालायचं आणि कुणाला दाराबाहेर ठेवायचं, हे तुमच्या प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर ठरतं. शंभर वर्षांनी कुणीतरी तुमचा तक्ता उघडेल. त्यात रिकामी जागा असेल तर असू दे, पण ती का रिकामी आहे हे तुमच्या अक्षरात शेजारी लिहिलेलं असू दे.

पुढच्या पोस्टमध्ये प्रश्नावली कशी तपासून घ्यायची ते बघू. तोवर वरचा ११.७ चा हिशेब स्वतः करून बघा आणि पटला नाही तर कळवा.